खाडीकडची तिसरी जोडी

डहाणूला स्टेडियम कधी नव्हतंच, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. लाहू त्यांच्याशी वाद घालत नाही. वाद घालायचा तर हाताशी दाखवण्यासारखं काही लागतं, आणि त्याने उभी केलेली सगळी स्टेडियमं अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानेच सोडली होती, मोळ्या बांधून ट्रकात भरून दिली होती. मागे उरायची ती वासे रोवलेली भोकं. तीसुद्धा बुजवून, वर पाय देऊन दाबून, जमीन मालकाला होती तशी परत करायची असा रिवाज होता.

लाहू कैनाडच्या एका पाड्यावरचा. घरची थोडी भाताची जमीन, बाकी वर्ष मजुरी. पण भात कापून झालं, खळी आटोपली, की त्याला हिरू मुकादमाचा निरोप यायचा. कबड्डीचे दिवस सुरू व्हायचे. रिकाम्या शेतात मधोमध माती चाळून, पाणी मारून, तुडवून मैदान करायचं आणि त्याच्या चारी बाजूंनी बांबूची गॅलरी चढवायची. पहारीने खड्डा, खड्ड्यात वासा, वाशाला आडवा बांबू, आणि प्रत्येक सांध्याला ओला काथ्या. काथ्या वाळताना आवळत जातो. मग माणसं बसली की गॅलरी करकरते, पण सुटत नाही.

लाहूने बांधलेलं पहिलं स्टेडियम डहाणू रोडला, भाताच्या गिरणीमागे होतं. तिथे वारा सुटला की कोंडा उडायचा आणि घामाने निथळणाऱ्या खेळाडूंच्या पाठी कोंड्याने भरून जायच्या. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, मैदानात मातीचीच माणसं झोंबतायत. तलासरीचं हायवेला लागून होतं. तिथे ट्रकवाले गाड्या रांगेत लावून टपावर बसायचे, म्हणून गॅलरी अर्धी रिकामी आणि रस्ता भरलेला. वरोरला वाळूत वासे ठरेनात, तेव्हा मच्छीमारांनी आपल्या होड्यांचे नांगर आणून दिले आणि गॅलरी चारी अंगांनी नांगरली. वाऱ्यात ती अख्खी गॅलरी घुमत राही.

पण सगळ्यांत मोठं मसोलीचं, खाडीच्या बाजूच्या शेतातलं. तिथे मुंबईचे व्यावसायिक संघ यायचे, बँकेचे, रेल्वेचे, कापडगिरण्यांचे. एक गिरणी बंद पडली, भोंगा थांबला, तरी तिचा संघ पुढची दोन वर्षं येतच राहिला. छातीवर गिरणीचं नाव, आणि गिरणी कुठेच नाही. लाहूला ते खेळाडू आठवतात. ते हरले तरी भांडत नसत.

लाहूला एक धाकटा भाऊ होता, शुक्रा. लाहू खड्ड्याचा माणूस, शुक्रा टोकाचा. अंगाने हलका, माकडासारखा चढायचा, आणि सामना सुरू झाला की सगळ्यांत वरच्या बांबूवर पाय सोडून बसायचा. तिथून त्याचं तोंड चालू. बँकेचा गडी पकडला गेला की वरून ओरडायचा, "ओ साहेब, चेक परत आला ना!" खाली हजार माणसं हसायची. एकदा त्या बँकेच्या कप्तानाने सामन्यानंतर त्याला शोधून काढलं आणि चहा पाजला.

ज्या वर्षी शुक्रा गेला त्या वर्षी गॅलरी नेहमीपेक्षा उंच बांधायची होती. एकेक वासा पुरणार नव्हता, म्हणून जागोजाग दोन-दोन वासे जोडीने रोवले. तशी जोड-वाशांची गॅलरी ना त्याआधी झाली, ना त्यानंतर. गॅलरी उभी करून लाहू वरोरला पुढच्या स्पर्धेची तयारी करायला गेला. शुक्रा मसोलीलाच राहिला. स्पर्धा झाली, अंतिम सामना झाला, आणि दुसऱ्या दिवशी गॅलरी सोडताना शुक्राचा वरून पाय निसटला. कोणी ढकललं नाही, काही तुटलं नाही. लाहूपर्यंत बातमी आली ती सायकलवरून, आणि सायकलवाल्याला ती नीट सांगताही येत नव्हती.

त्यांच्या पाड्यात असं मानतात, की बाहेर मेलेल्या माणसाला घराची वाट सापडत नाही. अंग आणून आग दिली तरी जीव पडल्या जागीच बसून राहतो. मग बाराव्याला थोरल्या भावाने त्या जागेवर जायचं, घरच्या आवाजात हाक मारायची, तिथलाच एक दगड उचलायचा आणि वाटेत कोणाशी न बोलता, मागे न बघता घरी आणायचा. घरच्या बाईने दारात विचारायचं, कोण आलं? त्याने नाव सांगायचं. मग दगड भाताच्या कणगीमागे बसवायचा. नव्या भाताला, सणासुदीला त्याच्यापुढे पान वाढायचं.

बाराव्याला हिरू मुकादम तापाने फणफणला होता. त्याने अंथरुणातूनच खूण सांगितली, "खाडीकडच्या बाजूला, कोपऱ्यापासून तिसरी जोडी. तिच्या बुडाशी पडला." लाहूला तेवढं पुरे होतं. भोकं त्यानेच पाडली होती. भगताला घेऊन तो मसोलीच्या उघड्या शेतात गेला, कोपरा गाठला, एक, दोन, तीन मोजलं, आणि हाक मारली. बरोबरचा भगत म्हणाला, आलाय. लाहूने दगड घरी आणला.

पण आयस, लाहूची आई, काही दिवसांतच म्हणाली, "हा आपला नाय."

का, ते तिने नवं भात आलं तेव्हा सांगितलं. तिने दगडापुढे भात वाढला, वर भाजलेला बोंबील ठेवला. सकाळी भाताला हात लागलेला, बोंबील तसाच. "शुक्राला बोंबील बोलला तर भात नको व्हता. हा बोंबलाकडं बघत पण नाय." लाहू म्हणाला, मुंग्या असतील, उंदीर असेल.  पुढे भगताने सुपात दाणे टाकून विचारलं, तर शुक्राच्या नावाला दाणे जुळेनात. आयस मरेपर्यंत दर वर्षी बोंबील ठेवत राहिली आणि दर वर्षी सकाळी तो उचलून कोंबड्यांना टाकत राहिली.

लाहूला तिचं म्हणणं कधीच कळलं होतं. घरात शुक्रा नव्हता, कारण शुक्रा कामावर होता. लाहू गॅलरी बांधायला लागला, काथ्याचं एक टोक ओढलं, की बांबूचं दुसरं टोक ओढ घ्यायचं. तिकडे माणूस चढायच्या आधी. तलासरीला झालं, वरोरला झालं, गिरणीमागे झालं. संध्याकाळी गडी चहाला गेले की रिकाम्या गॅलरीत वरच्या पायरीवर कोणीतरी बसल्यासारखं करकरायचं, आणि मग एकेक पायरी, जणू सामना सुरू व्हायची वेळ झाली आहे. लाहू खाली उभा राहून ऐकायचा. त्याला भीती वाटायची नाही. लाज वाटायची. घरातलं माणूस बाहेर राहिलंय आणि आपण जेवतोय.

बायकोला, सुकीला, त्याने हे एकदाच सांगितलं. ती म्हणाली, "मग आण त्याला."

"आणला तर व्हता."

"जागा चुकली असंल."

"मी माझी भोकं चुकंन?" लाहू म्हणाला. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

बांबूच्या गॅलऱ्यांचे दिवस हळूहळू गेले. लोखंडी पाइपांच्या गॅलऱ्या आल्या, मातीवर मॅट आली. लाहू इमारतींच्या परांच्या बांधू लागला. परांचीवर दुसरं टोक कोणी ओढत नसे. शुक्रा मसोलीच्या शेतात एकटा उरला, असं लाहूला वाटायचं, आणि रेल्वे फाटकावरून जाताना तो त्या बाजूला बघायचं टाळायचा.

यंदा त्या शेतात पक्कं स्टेडियम बांधायला घेतलं. वर पत्र्याचं छप्पर, आत मॅट, चारी बाजूंनी काँक्रीटच्या पायऱ्या. परांचीचं काम लाहूकडे आलं. परांचीला अजून अवकाश होता, पण बांबू उतरवून घ्यायला त्याला सकाळीच बोलावलं होतं. आदल्या दिवशी जेसीबीने शेताची वरची काळी माती खरवडून काढली होती. खाली पिवळा मुरूम उघडा पडला होता.

लाहू बांबूच्या ट्रकाकडे निघाला आणि मधेच थांबला.

पिवळ्या मुरमावर काळे गोल ठिपके होते. मुठीएवढे, ओळीने, कोपऱ्यात वळून पुन्हा ओळीने. काळी माती भरून बुजवलेली भोकं वरच्या नांगरटीत कधीच पुसली गेली होती. खाली मुरमात ती होती तशीच राहिली होती. एकात एक चौकोन. आतला लहान, सुरुवातीच्या वर्षांचा. त्याच्याबाहेर थोडा तिरका, एका वर्षी सूर्य डोळ्यांवर येतो म्हणून खेळाडू कुरकुरले होते त्याच्यानंतरचा. त्याच्यावर चढलेला आणखी एक. डहाणूचं सगळं स्टेडियम जमिनीवर पडलं होतं, वर्षावर वर्षं, आणि लाहू त्याच्यातून अनवाणी चालल्यासारखा पाय जपून चालला.

मग त्याला जोड्या दिसल्या. दोन-दोन ठिपके, शेजारी शेजारी. त्या एका वर्षाच्या. तो कोपऱ्यावर गेला, मोजू लागला, आणि मान वर केली तेव्हा त्याला दिसलं, की पलीकडे, शेताच्या उंच अंगाला सरकून, जोड्यांचा आणखी एक चौकोन आहे.

साइटवर प्राजक्ता नावाची इंजिनिअर होती, डहाणूतलीच, रेल्वेतल्या माणसाची मुलगी. ती जवळ आली.

"काका, काय शोधताय? मोबाईल पडला का?"

"नाय, बाई. गॅलरी बघतोय."

"कुठली?"

"आपली जुनी."

तिने ठिपक्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मला वाटलं झाडांची मुळं असतील. बाबा सांगायचे, इथे सामने बघायला यायचे म्हणून. रेल्वेचा संघ म्हणजे आमच्या घरचाच." तिने एक फोटो काढला. "आता विसरा, काका. दुपारी खाडीकडच्या पट्ट्यावर काँक्रीट पडणार."

"आजच?"

"जेवणं झाली की. गाडी तलासरीहून येते."

लाहूने ट्रकवाल्याला बांबू उतरवून ठेव म्हणून सांगितलं आणि तो मसोलीच्या वस्तीत शिरला. हिरू मुकादम ओसरीवर खाटेत पडलेला असायचा. आताही होता. डोळे अंधुक, कान मात्र शाबूत.

"कोण? लाहू? मेला नाय अजून तू?"

"तुमच्याआधी कसा मरू, मामा. मान ठेवायला नको?"

हिरू खोकत हसला. लाहू खाटेच्या पायाशी बसला. "मामा, शुक्राच्या साली गॅलरी दोनदा बांधली का?"

"मग? अवकाळी पडला ना. मैदानाचा नुस्ता चिखल. मंडळवाले बोलले, उंचावर सरकवा. दोन दिवस, दोन रात्री. सगळी सोडली, सगळी परत रोवली."

"मना कोणी नाय सांगितलं."

"तू वरोरला व्हतास ना. आल्यावर सांगितलं असंल कोणीतरी." हिरूने मान वळवली. "काय झालं?"

लाहूला काय झालं ते बसल्या जागी दिसलं. पहिली गॅलरी चिखलातून उपटली, त्या भोकांची तोंडं तशीच वासून वाळली. दुसरी कोरड्या जमिनीत होती, तिची भोकं रिवाजाप्रमाणे नीट बुजवून दाबली गेली. बाराव्याला उघड्या शेतात दिसत होती ती पहिलीच. त्याने स्वतः पाडलेली, म्हणून ओळखीची. दुसऱ्या कोणी मोजलं असतं तर चाचपडला असता, कोणाला विचारलं असतं. लाहूने विचारलं नाही.

"तिसरी जोडी बोलला व्हता तुम्ही," तो म्हणाला. "दुसऱ्या गॅलरीची."

"जी उभी व्हती तिचीच ना," हिरू म्हणाला. मग त्याने विचारलं, "तू कुठली मोजलीस?"

लाहू उठला. 

वस्तीच्या तोंडाशी उभं राहून त्याने सुकीला फोन लावला. "आंघोळ करून बस. दारात पाणी ठेव."

"कोण येतंय?"

"शुक्रा."

 सुकीच्या मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "मग आत कोण बसलाय?"

 इतकी वर्षं आयसची एक गोष्ट त्याने ऐकली होती, की हा आपला नाही. नाही, तर मग कोणाचा, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. त्याने हाक मारली होती, शुक्रा, चल घरी. आणि त्या रिकाम्या शेतात ज्याला कोणी कधी हाक मारली नव्हती असा कोणीतरी ती ऐकून उठला होता.

साइटवर पट्ट्याच्या कडेला फळ्या ठोकून झाल्या होत्या. गवंडी जेवायला बसले होते. प्राजक्ता फोनवर होती. लाहूला बघून तिने फोन खाली केला. "गाडी निघालीय, काका. तुमचं काही आहे का तिथे?"

"एक दगड घ्यायचाय, बाई. आणि जरा बोलायचंय."

"कोणाशी?"

लाहूने पट्ट्याकडे बोट केलं. तिने तिकडे पाहिलं, तिथे कोणी नव्हतं. मग ती गवंड्यांना म्हणाली, "गाडी आली तरी मी सांगेपर्यंत ओतायचं नाही."

लाहूने चपला बाहेर काढल्या, फळी ओलांडली. वरच्या चौकोनाचा कोपरा त्याने गाठला. हळू मोजलं. परत मागे जाऊन पुन्हा मोजलं. तिसऱ्या जोडीशी तो उकिडवा बसला. दोन काळे ठिपके, बाजूला मुरूम. इतर जोड्यांहून वेगळं काहीच नव्हतं. त्याने बरोबर भगत आणला नव्हता. जुना भगत वारला होता आणि नवीन शोधायला वेळ नव्हता. हाक कशी मारायची ते त्याला आठवत होतं, पण तीच हाक एकदा चुकीच्या दारावर मारून झाली होती. 

मग तो म्हणाला, "शुक्रा. गॅलरी सोडून झाली. सगळे गेले. आयस पण गेली. चल."

काही हललं नाही. गवंड्यांपैकी एकजण चघळता चघळता थांबला होता. लाहूने दोन्ही ठिपक्यांच्या मधला एक दगड बोटांनी उकरून काढला. दगड थंड होता. वर ऊन तापलं होतं आणि तो थंड होता, एवढंच. त्याने तो टॉवेलात गुंडाळला, छातीशी धरला, आणि निघाला.

आता बोलायचं नव्हतं, मागे बघायचं नव्हतं. रेल्वे फाटकापाशी पोचला तोच मागून ती मोठी गाडी पोटातलं काँक्रीट घुसळत शेतात वळल्याचा आवाज आला. लाहूच्या मनात होतं, की संध्याकाळी घरातला जुना दगड आणून जिथला तिथे ठेवावा. ज्याला फसवून नेलं त्याला त्याच्या जागी सोडावं. पण ती जागाही त्याच पट्ट्यात होती. तो घुसळण्याचा आवाज थांबला आणि ओतण्याचा सुरू झाला, तेव्हा त्याला मान वळवावीशी वाटली. त्याने वळवली नाही.

कैनाडच्या रस्त्याला एक ओळखीचा रिक्षावाला थांबला. "काय लाहूशेठ, पायीपायी? बसा, सोडतो." लाहू चालत राहिला. रिक्षा थोडं अंतर बाजूने सरकत आली. "भर दुपारी चढवली का काय? ओ शेठ, निदान शिवी तरी द्या." मग रिक्षावाल्याने टॉवेल बघितला, तो कसा धरलाय ते बघितलं, आणि इंजिन बंद करून मागेच उभा राहिला. खिशात फोन वाजला, वाजून थांबला, पुन्हा वाजला. लाहूला सगळ्या वाटेत एकच भीती होती. मागून पावलं वाजत नव्हती. पहिल्या वेळी वाजली होती. त्या वेळी तो सगळी वाट रडत चालला होता, कारण मागे कोणीतरी अगदी जवळून चालत होतं.

पाड्यावर पोचला तेव्हा ऊन कलायला आलं होतं. सुकी धुतलेलं लुगडं नेसून दारात उभी होती, हातात पाण्याचा तांब्या.

"कोण आलं?" तिने विचारलं.

लाहूने तोंड उघडलं. मागे अजूनही काही वाजत नव्हतं. आयस असती तर तिला कळलं असतं. त्याला काहीच कळत नव्हतं, आणि तरी नाव सांगायचं होतं.

"शुक्रा आलाय," तो म्हणाला.

सुकीने त्याच्या पायांवर पाणी ओतलं, दगडावर ओतलं, आणि बाजूला झाली.

कणगीमागची जागा अरुंद. जुना दगड तिथे मधोमध बसलेला, इतक्या वर्षांच्या शेंदराने आणि धुराने काळवंडलेला. त्याच्यापुढे सकाळचं फूल होतं. लाहू नवीन दगड हातात घेऊन उभा राहिला.

"ह्याला काय करायचं?" तो म्हणाला. "ह्याची जागा बुजली. वर काँक्रीट पडलं."

"मग राहील," सुकी म्हणाली. "इतकी वरसं जेवला आपल्यात. आयसने वाढलं, मी वाढलं. आता हाकलायचा?"

"कोण हाय तेच ठाऊक नाय."

"कोण का असंना. बोंबील खात नाय म्हणजे वाणीबिणी असंल कोणी." तिने चुलीकडे पाहिलं. तव्यावर एक बोंबील होता आणि शेजारी थोडी वालाची भाजी होती. "दोन पानं वाढते."

लाहू खाली बसला. जुन्या दगडाच्या बाजूला पुरेशी जागा नव्हती. एकीकडे भिंत, दुसरीकडे कणगी. त्याने हात पुढे केला आणि तसाच थांबवला. इतक्या वर्षांत त्या दगडाशी तो शुक्रा म्हणूनच बोलला होता. दुसऱ्या कोणाशी बोलायचं तर कसं बोलावं, अरे म्हणावं की अहो, हेही त्याला ठाऊक नव्हतं.

"जरा सरकून घ्या," तो शेवटी म्हणाला, आणि जुना दगड हळूच भिंतीकडे लोटून नवा शेजारी ठेवला.

सुकीने पानं मांडली, नव्यापुढे बोंबील, जुन्यापुढे वाल. लाहू तिथेच, कणगीला पाठ लावून, सकाळ व्हायची वाट बघत बसला.